काका, हे तर फणस!

दिग्दर्शक डॉन सीगलचा 1956 सालचा सिनेमा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' परवा पुतण्याबरोबर पुन्हा पाहिला. परग्रहावरून आलेल्या त्या मोठाल्या शेंगा दिसल्या आणि पोरगा हसत सुटला. "काका, हे तर फणस!" खोटं कशाला बोलू, फणसच दिसतात. त्या फुटून झोपलेल्या माणसाची हुबेहूब पण भावनाशून्य नक्कल बाहेर येते, तेव्हाचा फेससुद्धा साबणाचाच वाटतो.

पण तोवर सिनेमाने आपलं काम उरकलेलं असतं. सांता मिरा हे कॅलिफोर्नियातलं छोटं गाव. विल्मा डॉक्टरला सांगते, हे माझे आयरा काका नव्हेत. काका तिथेच अंगणात गवत कापताहेत. चेहरा तोच, आवाज तोच, जुन्या आठवणी शाबूत. मग बिनसलं काय? डोळ्यांत जी माया असायची ती गेली. बस्स. भरदुपारचं ऊन, एक म्हातारा आणि गवत कापायचं यंत्र. याला खर्च तो कितीसा?

सगळा सिनेमाच 23 दिवसांत चित्रित झाला, चार लाख डॉलरच्या आसपास. माझं स्पष्ट मत, पैसे जास्त असते तर शेंगा जास्त दाखवल्या असत्या आणि सिनेमा मेला असता.

यातली भीती त्या काळच्या अमेरिकेतल्या कम्युनिस्टांची की कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्यांची, हा वाद सत्तर वर्षं चाललाय. चालू दे. मला तो सकाळचा चौक पुरतो. डॉक्टर खिडकीतून बघतोय. शेंगा भरलेले ट्रक येतात. क्रेसेंट सिटीत ज्यांचे नातेवाईक असतील त्यांनी पहिल्या ट्रककडे जावं, अशी सूचना होते आणि माणसं निमूट जातात. रेशनच्या दुकानासमोरसुद्धा याहून जास्त गडबड असते!

सीगलला शेवट हायवेवरच करायचा होता, गाड्यांमध्ये ओरडत धावणाऱ्या केव्हिन मॅकार्थीवर, म्हणजे डॉक्टर झालेल्या नटावर. स्टुडिओला धीर निघेना, म्हणून पुढेमागे दवाखान्याची ठिगळं लावली. 1978 च्या नव्या आवृत्तीत तोच मॅकार्थी पुन्हा गाड्यांमध्ये धावताना दिसतो, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

(पुढचं सिनेमा न पाहिलेल्यांनी वाचू नये.)

हायवेच्या आधी खाणीतला प्रसंग आहे. झोप लागली की माणूस गेला, म्हणून डॉक्टर मायल्स आणि त्याची प्रेयसी बेकी कसेबसे जागे. मायल्स बेकीचं चुंबन घेतो, मग मागे सरतो. पडदाभर तिचा चेहरा. डोळे उघडे, आणि आत कुणी नाही.

पुतण्याने माझ्या हातातला रिमोट ओढून घेतला, प्रसंग मागे नेला, पुन्हा पाहिला.

"काका, पण ही झोपली कधी?"