बॅटरीच्या सेलवर वीज साठवायचा खोटा आकडा, 9800, छापताना या बनवणाऱ्यांचा हात थरथरत कसा नाही?

डोकं फिरलंय माझं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आता लिहूनच टाकतो.

काल शेतीच्या विजेची रात्रीची लाइन होती, साडेदहाला आली. माझे वडील, आण्णा, कांद्याला पाणी द्यायला निघाले, हातात बॅटरी, त्यात मी मागच्या आठवड्यात ऑनलाइन मागवलेले दोन लिथियमचे चार्जिंगचे सेल. दिवसभर चार्जिंगला लावलेले, चार्जरचा दिवा हिरवा झालेला, मी स्वतः बघून घातले. मोटर चालू करून आण्णा वावरात पोचले, दोन वाफे भरले असतील नसतील तोवर उजेड पिवळा पडला आणि बंद. वीस मिनिटं फक्त! बटणाचा मोबाइल घरी चार्जिंगला. एका बाजूला आमचा कांदा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा उभा ऊस, आणि आम्ही राहतो जुन्नर तालुक्यात. उसात काय असतं ते मी सांगायची गरज नाही. मागच्याच महिन्यात त्या बांधावर बिबट्याचे पंजे उमटलेले सगळ्यांनी बघितलेत. तो सत्तरीचा माणूस काठी आपटत, मोठ्यानं खोकत, अंधारात चाचपडत बांधानं घरी आला. ओट्यावर बॅटरी ठेवली आणि एवढंच म्हणाले, "घे रे तुझी बॅटरी. हाताला चटका बसतोय."

चटका बसत होता खरंच. झाकण फिरवून सेल बाहेर काढले तर एक साधा कोमट, दुसरा हातात धरवेना. मीटर लावला, कोमट होता तो 3.6 व्होल्ट आणि तापलेला 1.1. लिथियमचा सेल अडीचच्या खाली गेला की तो मेला असंच धरायचं, परत चार्जिंगला लावला तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आणि तो सेल सत्तरीच्या माणसाच्या मुठीत होता!

पाकिटात चार होते. उरलेले दोन रात्री, किती भरतात ते मोजणाऱ्या चार्जरवर लावले, खाली फरशी, आजूबाजूला काही नाही, आणि मी समोर खुर्ची टाकून बसलो. एक भरला 742 एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप), दुसरा 1870. चारही सेलवर ठळक अक्षरात काय छापलंय? 9800! अरे 18 मिलिमीटर जाडीच्या आणि 65 मिलिमीटर लांबीच्या डबीत बसून बसून किती बसणार? नामांकित कारखान्याचा बाजारात मिळणारा चांगल्यातला चांगला 18650, म्हणजे याच मापाचा सेल, सुद्धा साडेतीन हजाराच्या आसपास थांबतो. 9800 म्हणजे नुसती थाप, आणि ती छापणाऱ्याला पक्कं माहीत असतं की थाप आहे.

सकाळी सराफाच्या काट्यावर चारही ठेवले. 31 ग्रॅम, 30 ग्रॅम, 43, 44. खरा सेल 45 च्या पुढेमागे भरतो. म्हणजे एका पाकिटात दोन जातीचे सेल, वरून कव्हर मात्र एकसारखं. जड होते त्यांचं कव्हर नखानं सोलून बघितलं तर तळाला वेल्डिंगचे ठिपके, पट्टी उपटलेल्या खुणा. कुणाच्यातरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उचकटलेले, नवा कपडा घातला आणि नवे म्हणून विकले. एक हलका आणि एक जड असे दोन एकामागे एक घातले की हलका आधी संपतो, जड मात्र त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, रिकामा सेल उलटा भरायला लागतो आणि तापतो. काल तेच झालं. अजून थोडा वेळ चालू राहिली असती तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, "सर, ही वस्तू रिटर्न होत नाही, रिप्लेसमेंट पाठवतो." कसली रिप्लेसमेंट? तेच सेल परत पाठवणार? वजनाचे, मीटरचे, ठिपक्यांचे फोटो पाठवले, तर "असुविधेबद्दल क्षमस्व" आणि चॅट बंद. असुविधा म्हणे! माझा बाप अंधारात उसाकडेनं आला, ही असुविधा?

आणि आपल्याकडे लिथियम सेलला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, आयएस 16046 या मानकाखाली. शिक्का आणि आर नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, छापावा लागतो. या चौघांवर शोधून सापडला नाही. मग हे विकायला लागतंच कसं, कोण बघतं? रिव्ह्यू वाचले तर "डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग मस्त" आणि चार स्टार. अरे पॅकिंगचा काय उजेड पडतो वावरात? त्याच पानावर बॅटरी विकायला होती, एक लाख ल्युमेन (उजेडाचं माप) म्हणून. पॉवर बँक घेतली तिथेही तेच, मोठा आकडा वर आणि खरा आकडा मागे मुंगीएवढ्या अक्षरात. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणतो, "घ्या ना, सगळे हेच नेतात." किती अँपिअरचा आहे, म्हणजे किती करंट झेपतो, विचारलं तर माझ्याकडेच बघत बसला.

हे अँपिअरचं मला शिकवलं मामेभावानं. तो लेस्टरला असतो, सिगारेट सुटावी म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं. आपल्याकडे 2019 च्या कायद्यानं ते विकायलाच बंदी आहे, पण आतला सेल हाच, 18650. तो सांगतो, त्यात 0.2 ओहमची कॉइल (तापणारी तार) लावली आणि सेल भरून 4.2 व्होल्टवर असला की 21 अँपिअर ओढते. एवढं झेपणारा सेल अडीच-तीन हजार एमएएचच्याच घरातला असतो, जास्त एमएएच हवं तर अँपिअर कमी घ्यावे लागतात, दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून तो आधी अँपिअर बघतो, मग एमएएच. दोन सेल एकत्र घेतो, त्यावर पेननं खूण करतो, आणि ते दोघं कायम बरोबरच वापरतो, बरोबरच चार्ज करतो. कव्हरला चीर गेली की लगेच नवं चढवतो, कारण सेलचा अख्खा डबा निगेटिव्ह असतो, फक्त वरचं टोक पॉझिटिव्ह. सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात टाकायचा नाही, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचा. अमेरिकेत 2018 ला फ्लोरिडात आणि 2019 ला टेक्सासमध्ये व्हेपचा स्फोट होऊन माणसं गेलीत, त्यामुळे तो याबाबतीत फार कडक आहे. आणि हे सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याच सांगतात की आम्ही हे पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसकट वापरायला बनवतो, सुटे वापरायला नाही. तरी सुटे विकले जातात, तिकडेही आणि इकडेही.

मला राग याचा येतो की मला हे सगळं माहीत होतं! भावानं तासभर फोनवर सांगितलेलं. तरी चार सेल साडेतीनशेला दिसले आणि मी बटण दाबलं. संरक्षक सर्किटवाला चांगला एक सेल तेवढ्याला येतो, चारपाच मिलिमीटर लांब असतो, बॅटरीत बसेल का नाही म्हणून टाळला. माझ्या टाळण्याची किंमत आण्णांनी अंधारात मोजली. ते काही बोलले नाहीत, त्याचं जास्त लागतंय.

आता ते चार सेल वाळूच्या डब्यात घालून गोठ्यापासून लांब ठेवलेत. कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नाहीत, गाडीत दाबले गेले की तिथे आग, तो बिचारा गाडीवाला काय करणार? पुण्याला जाईन तेव्हा ई-कचऱ्यावाल्याकडे देईन.

आज पण साडेदहालाच लाइन आहे. चांगले सेल मागवलेत, चार दिवस लागतील म्हणतात. आण्णांनी माळ्यावरची जुनी तीन सेलची पत्र्याची बॅटरी काढली, तिचे मसाल्याचे सेल दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवले होते. आत्ता बघितलं, उजेड बरा पडतोय. मी बरोबर जातोय.