‘पन्नास रुपयांच्या कंडेन्सरचे साडेनऊ हजार’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

उशीर आणि फोन, या दोन्ही तक्रारी मान्य. दहा दिवस सांगून तेवीस लावले आणि मधे साधा एक फोन केला नाही. चूक आमचीच.

पण ‘चालू इंजिनात काही दोष नव्हताच’ हे पटत नाही. थंड असताना तुमचं जिप्सी मेजर, म्हणजे जुन्या विमानाचं ते चार सिलिंडरचं इंजिन, पहिल्या झटक्यात लागायचं, वीस मिनिटं छान चालायचं, बंद केलं की गरम असेपर्यंत परत लागायचं नाही. आमच्याकडे येण्याआधी कार्बोरेटर दोनदा खोलून झाला होता, आठही प्लग नवे. टेबलावर आम्हालाही मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करून प्लगला ठिणगी देणारं यंत्र) ठणठणीत वाटला, ठिणगी निळी, कडक. मग ८० डिग्रीला तासभर ओव्हनमध्ये ठेवून फिरवला. ठिणगी आधी पिवळट, मग गायब, आणि पॉइंटवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, नुसती चरचर. ती चरचर रोखणारा कंडेन्सर तिथे पकडला.

चालताना कळलं नाही, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन मॅग्नेटो. दुसरा निभावून नेत होता. पण इंजिन सुरू करायला हाताने प्रॉपेलर मारताना वेग तो किती? तिथे इम्पल्स कपलिंगवालाच (कमी वेगातही स्प्रिंगने मॅग्नेटोला झटका देऊन कडक ठिणगी काढणारा) मॅग्नेटो कामाला येतो. तुमच्या इंजिनाला ते एकाच बाजूला आहे, नेमकं आजारी बाजूला.

कंडेन्सर स्वस्तच, सर. पण तिथे हात पोचायला सगळं खोलावं लागतं. कॉइलवरचा जुना लाखेचा लेप उष्णतेने पाझरून बेअरिंगपर्यंत आला होता. कॉइल रिवाइंड केली, बेअरिंग बदलले, मॅग्नेट चार्ज केला. बिलात हे सुटं लिहायला हवं होतं, आजच पाठवतो.

तपासताना एकच मॅग्नेटो चालू ठेवला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) थोडा पडणारच. फार पडत असेल तर दुसरा मॅग्नेटो पाठवा, तो आमच्याकडे आलाच नव्हता. तपासायचे पैसे घेणार नाही.

आणि हे आधी करा. ‘स्विचची वायर काढून पाहिली’ असं तुम्ही लिहिलंय. मॅग्नेटोचं गणित मोटारीच्या उलट असतं: स्विच ऑफ केला की मॅग्नेटो ‘अर्थिंग’ला जोडला जातो आणि ठिणगी थांबते, स्विचची वायर काढली की तो कायम जिवंत. स्टँडवरच्या इंजिनाचा प्रॉपेलर कोणी सहज फिरवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. वायर जोडेपर्यंत मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. रात्री नऊपर्यंत फोन करा, मी स्वतः उचलतो.