पाकीट देणारा प्रत्येक जण बळी नसतो

कोकणातल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, विशेषतः गणपतीच्या आधी, एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: भ्रष्टाचार वरून झिरपतो, सामान्य माणूस फक्त बळी असतो, दिल्याशिवाय काम होत नाही, चहापाणी म्हणजे लाच नव्हे, आणि तक्रार केली तर आपणच अडकतो. हे सगळे वारस नोंदीवर, म्हणजे मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावे सातबाऱ्यावर लावण्याच्या कामावर, तपासून पाहू. कोकणातल्या बहुतेक घरांचा सरकारी कार्यालयाशी खरा संबंध तिथेच येतो.

‘दिल्याशिवाय काम होत नाही’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन आली की ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर अजून आजोबा असतात. महामार्गाचा मोबदला आला किंवा गिऱ्हाईक मिळाले की जाग येते, तोवर सामाईकात तीसचाळीस वारस झालेले असतात. वारसांची चौकशी करून गाव नमुना ६क (वारसांची नोंदवही) मध्ये नोंद, मग फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद), हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन, असा हा क्रम आहे. चाकरमानी येतो आठ दिवसांच्या रजेवर. आठ दिवसांत १५ दिवसांची नोटीस बसत नाही, म्हणून पाकीट निघते. ही घाई बऱ्याचदा आपण वर्षानुवर्षे केलेल्या दिरंगाईतून आलेली असते.

वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर मुंबईत बसून करता येतो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांची नावे-पत्ते लागतात. दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. ते आधी पाहा. कागदी अर्ज दिलात तर तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांची मुदत पोचेच्या तारखेवरून मोजतात. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. एजंटाच्या हाती कागद देणाऱ्याकडे पोच नसते, म्हणून त्याला अपीलही नसते. नुसता सातबारा हवा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो.

‘सामान्य माणूस फक्त बळी’. निराधार योजनेच्या पेन्शनसाठी खेपा घालणाऱ्या विधवेकडून कोणी दोनशे रुपये काढले तर ती बळीच आहे. तिला दोष देणे अन्याय आहे. वरच्यांची जबाबदारी मोठी, हेही मान्य. पण बहिणींची नावे वगळून वारस नोंद करायला पैसे मोजणारा भाऊ बळी कसा? मुलगी, विधवा आणि आई या हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. घरी घेतलेल्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने तिचा हक्क जात नाही. नालासोपाऱ्यातल्या बहिणीला नोटीस पोचू नये म्हणून दिलेले पैसे हे तिच्या हिश्श्याची चोरी आहेत. त्या खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही तलाठ्याची नसते, भावाची असते.

‘चहापाणी म्हणजे लाच नव्हे’. कायदा रक्कम पाहत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात शब्द आहे ‘अनुचित लाभ’, आणि तो पैशापुरता नाही. कामाच्या बदल्यात साहेबांकडे पोचती केलेली हापूसची पेटीही त्यात येते.

‘तक्रार केली तर आपणच अडकतो’. याच दुरुस्तीने लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही भीती खरी आहे, पण तक्रार करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. लाच जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवले की दायित्व राहत नाही; देण्याआधीच कळवून सापळ्यासाठी (लाच घेणाऱ्याला रंगेहाथ पकडण्यासाठी) पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात घेऊन सापळा लागतो. इथे लोक चुकतात ते मागणीच्या पुराव्यात. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. म्हणून कोणी, कधी, कुठे, किती मागितले ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि फोन आधी करा. पैसे देऊन काम उरकल्यावर महिन्याने केलेल्या तक्रारीला ७ दिवसांचे संरक्षण उरत नाही.