बुवाबाजी

काका मालवाहू बोटीवर होते. ते गेल्यावर त्यांचं घर आवरलं, तेव्हा आमच्या वाट्याला एक चिनीमातीचा बुवा आला. युरोपातल्या मठांत असतात तसा गोरा, टकला, तपकिरी झग्यातला आणि झगा तट्ट फुगवणाऱ्या ढेरीचा. मुंडकं उपटलं की त्याखाली बूच. दारू ढेरीत भरायची आणि मानेतून ओतायची. सोबत त्याच थोबाडाचे पाच छोटे पेले. सेट सहाचा असणार, हे लहान पोरही सांगेल. सहावा चुलतभावाने लांबवला असा माझा पक्का संशय, त्यामुळे तीन आठवडे मी त्याचा फोन घेत नव्हतो.

आता वस्तू मिळाली तर गप ठेवून द्यावी ना! पण "ह्याचे किती येतील?" हा किडा एकदा डोक्यात शिरला की माणूस कामातून गेला. मी वाचायला लागलो आणि कळलं, की असल्या वस्तूचं तोंड बघायचंच नसतं, तळ बघायचा असतो. गोबेल नावाच्या जर्मन कारखान्याने असे बुवा बरेच काढले. हुमेल नावाच्या ख्रिस्ती जोगिणीच्या चित्रांवरून हेच लोक बाहुल्या बनवायचे. हुमेल म्हणजे जर्मनमध्ये भुंगा. ती १९४६ साली वारली आणि १९५० पासून गोबेलच्या तळावर इंग्रजी व्हीमध्ये उडणारा भुंगा आला. तो भुंगा दिसला की संग्राहकांचे डोळे चमकतात.

मी बुवाला उताणा केला, भिंग लावलं. कडेला एक काळा ठिपका, त्याला पाय!

"सापडला! भुंगा!"

बायकोने वाकून बघितलं. "अहो, मुंगी आहे ती. चालतेय."

भुंगा नाही तर नाही. जपानातूनही असा माल ढिगाने यायचा. १९५२ पर्यंत जपान अमेरिकेच्या ताब्यात होता आणि त्या काळात बाहेर पाठवलेल्या बऱ्याच मालावर 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असे. त्याचेही नकली शिक्के मारतात, पण ते बऱ्याचदा झिलईच्या वर असतात आणि नेलपॉलिश रिमूव्हरने पुसले जातात. मी बायकोची बाटली घेऊन तळ घासला. काहीच पुसलं गेलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. बऱ्याच मालावर नुसती कागदी नाहीतर चंदेरी पट्टी चिकटवलेली असायची.

"पट्टी होती की," आई म्हणाली. "काय चिकट होती मेली! गरम पाण्यात भिजवून तारेच्या घासणीने काढली मी. त्याचे गालसुद्धा काय लाल होते, दारुड्यासारखे. तेही निघाले."

गालांचा तो रंग भट्टीत न भाजता वरून लावलेला असतो. तो शाबूत असेल तर भाव चढतो. आमचा बुवा आता आजारातून उठल्यासारखा दिसतो.

पुढची परीक्षा मापाची. नकला करणारे मूळ वस्तूवरूनच साचा काढतात. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून नक्कल मुळापेक्षा थोडी लहान निघते. मी टेप घेऊन बुवाची ढेरी मोजत होतो. "आधी स्वतःची मोजा," बायको म्हणाली. मग रात्री बाथरूमचा दिवा घालवून जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली, कारण जुना सांधा असेल तर त्यातला गोंद तिच्यात चमकतो. बुवाची मान लखलखली. मुंडकं कधीतरी तुटून चिकटवलेलं. काका एकटेच राहायचे, तेव्हा ह्यावर जास्त बोलणं बरं नाही.

किंमत म्हणाल, तर लोक मागतात तो आकडा वेगळा आणि खरोखर हातात पडतो तो वेगळा. मी सुरुवात मागितलेल्या आकड्यांपासून केली, हीच चूक. जितकं ज्ञान वाढत गेलं तितका बुवा स्वस्त होत गेला. बरं, आपणच वापरावा म्हटलं, तर जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ते दारूत उतरतं.

शेवटची आशा पेल्यांवर होती. सुरई एकीकडची आणि पेले दुसरीकडचे, अशा जोड्या जमवतात. संग्राहक त्याला चक्क 'लग्न' म्हणतात. म्हणजे बुवा भुक्कड असला तरी एखादा पेला कुलीन निघू शकतो. पाचही उलटे केले. कोरे.

वैतागून गॅलरीत गेलो. कठड्यावर निवडुंगाचं इवलंसं रोप होतं. कुंडी तपकिरी होती आणि तिला टक्कल होतं.

"हा सहावा?" मी बायकोला विचारलं.

"हो, बाकीच्यांशी जुळत नव्हता तो. थोडा मोठा, चेहराही वेगळा. म्हटलं, सेटमध्ये उगाच घाण दिसेल. पाणी निघायला भोक पाडलं, फरशीचा बिट लावून, एवढाही टवका न उडवता!"

"भोक कुठे पाडलंस?"

"तळाला. बरोब्बर मधोमध माशीसारखं काहीतरी छापलेलं होतं ना, त्याच्यावरच नेम धरला."