पिच्चरमंधलं आरक्षण

शाळेतला एक मित्र दारव्ह्याकडे कपाशी करतो. परवा पहिल्या महायुद्धावरचा ‘१९१७’ पाहून त्याचा फोन: “काय बे, तुमच्या इंग्रजाच्या पिच्चरमंधीई आरक्षण आलं का? गोऱ्यायच्या ट्रकमंधी एक सरदारजी कायले बसवला?” तेव्हापासून डोकं तापलेलं आहे.

हा वाद इथे इंग्लंडात शिळा झाला. २०२० मध्ये लॉरेन्स फॉक्स नावाच्या नटाने हेच तारे तोडले, लोकांनी झोडपलं, त्याने माफी मागितली. भारतीय पायदळ १९१५ अखेर मेसोपोटेमियाला हललं हे खरं, पण घोडदळ १९१८ पर्यंत फ्रान्सातच होतं. ट्रकात एक शीख दिसला तर कुणाच्या बापाचं काय गेलं? खोटेपणा असतो तो वगळण्यात. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘डंकर्क’मध्ये (२०१७) फ्रान्सच्या किनाऱ्यावर एवढी झुंबड, त्यात आपला एक चेहरा नाही. तिथे तर आपल्या खेचरांच्या कंपन्या होत्या! ब्रिटिश सैन्याने जनावरं काढून मोटारी घेतल्या होत्या. बर्फात, चिखलात मोटारीचं काही खरं नाही म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून खेचरं आणि माणसं फ्रान्सातल्या मार्सेला नेली. पुढच्या मे महिन्यात पळ काढताना खेचरं तिथेच सोडावी लागली. एक कंपनी जर्मनांच्या कैदेत गेली, बाकीच्यांतले कित्येक डंकर्कच्या किनाऱ्यावरून निसटले. जितराब सोडून येणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको. पिच्चर तो होता.

इथे निदान हे विचारता येतं. आपल्याकडे विचारून पाहा.

मित्राचं ठरलेलं वाक्य: फौजेत जात नसते. अरे बाबा, भरतीच जातीवर होती! इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून महारांना दार लावलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण काढली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच साली महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या कामठीला. यावर पिच्चर निघाला तर पाहशील का, विचारलं. तो म्हणाला, “तू तं तिकडलाच झाला बे.”

झालो असतो तर बरं होतं. नोव्हेंबरात युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, पॉपी, कोटाला लावून उभा राहतो, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगतो की आमचेही होते. आमचे कोण? ते खेचरवाले बहुतेक पंजाबी मुसलमान, त्यांची गावं आज पाकिस्तानात. दारव्ह्याच्या पानठेल्यावर त्यांना ‘आमचे’ म्हणायची माझी छाती नव्हती. आणि गावात आमच्या कुणब्याच्या घरापासून बुद्धविहार हाकेच्या अंतरावर. त्या बाजूला एक पेन्शनर फौजी राहायचे. कोणत्या लढाईत होते, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. इथे मात्र मी सगळ्या सावळ्या कातडीचा वकील, कारण इथे मलाही त्यातच मोजतात.

या दिवाळीत त्या फौजींच्या मुलाकडे जाऊन विचारावं म्हणतो. पण आमच्या घरातला माणूस, त्यातून इंग्लंडवाला. तो मला का म्हणून सांगेल?