परातीतले पेट्रोल आणि पार्ट्स वॉशर : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या गॅरेजमध्ये गाडीचे सुटे भाग कशाने धुवावेत, याविषयीचा एक सल्ला या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : पार्ट्स वॉशर (टाकीतला द्रव पंपाने फिरवून सुटे भाग धुण्याचे यंत्र) ही निव्वळ चैन आहे, एक पसरट परात, रंगकामाचा जुना ब्रश आणि लिटरभर पेट्रोल एवढ्यावर काहीही स्वच्छ होते, पेट्रोल चटकन उडते म्हणूनच ते सर्वांत चांगले काम करते, दार उघडे ठेवले की धोका उरत नाही, बेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळ्याला तेच चालते, ज्यांना भीती वाटते त्यांनी पाण्यात मिसळायचा डिग्रीझर, म्हणजे ग्रीस काढणारे रसायन, घ्यावा, तो निरुपद्रवी असतो, उरलेले मातीत ओतावे, ते उडून जाते. शेवटी ‘जुने मेकॅनिक जन्मभर हेच करत आले’ अशी पुरवणी असतेच. प्रत्येकाला यंत्राची गरज नसते, एवढा एक भाग मला मान्य आहे आणि त्याकडे मी पुढे येईन. बाकीचे मुद्दे मात्र एकेक करून तपासले पाहिजेत, कारण त्यांतले बरेचसे केवळ चुकीचे नाहीत, तर घातक आहेत.

पहिला दावा चटकन उडण्याचा. येथे दोन वेगळ्या गुणांची गल्लत झालेली आहे. द्रावक ग्रीस किती विरघळवतो हा एक गुण, आणि तो किती लवकर उडतो हा दुसरा. विरघळवण्याची ताकद मोजण्यासाठी रंगउद्योगात कौरी-ब्युटेनॉल मूल्य नावाचे माप वापरतात. त्यात साधे मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे रंग पातळ करायचे पेट्रोलियम द्रावक, तिशीच्या घरात असते, तर टोल्युइनसारखे जालीम द्रावक शंभराच्या वर जाते. ग्रीस आणि इंजिन ऑइल सोडवायला तिशीतले मूल्य पुरेसे असते, कारण ती पेट्रोलियमचीच अपत्ये आहेत. कमी पडतो तो वेळ. गिअरबॉक्सच्या कव्हरवर पंखांच्या फटींमध्ये तेल आणि धूळ यांचा जो कडक काळा थर बसतो, त्यावर मी एकदा पेट्रोलचे तीन हात फिरवून पाहिले. वरचा भाग पांढरा आणि कोरडा दिसू लागला, पण फटींतल्या काळ्या रेघा जागच्या जागी होत्या, कारण थर भिजण्याआधीच पेट्रोल उडून गेले होते आणि सुटलेली घाण पुन्हा तेथेच वाळली होती. तेच कव्हर टर्पेंटाइनमध्ये वीस मिनिटे बुडवून ठेवल्यावर त्या रेघा ब्रशच्या टोकाने चिखलासारख्या निघाल्या. पिस्टनच्या माथ्यावरचा भाजलेला कार्बन मात्र या दोहोंपैकी कशानेही विरघळत नाही. तो मऊ करून खरवडावाच लागतो, आणि पेट्रोलने तो निघतो असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात ब्रशच्या जोराचे श्रेय पेट्रोलला दिलेले असते.

दुसरा दावा उघड्या दाराचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत धोकादायक आहे. द्रव ज्या तापमानाला ठिणगीने पेटेल इतकी वाफ देऊ लागतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. म्हणजे माणूस उघड्या हातांनी काम करू शकेल अशा कोणत्याही हवामानात परातीवर पेटण्याजोगी वाफ तयारच असते. रॉकेल आणि साधे मिनरल टर्पेंटाइन यांचा हा बिंदू साधारण ३८ अंशांपासून पुढे सुरू होतो, डिझेलचा बहुधा पन्नाशीच्या वर असतो, तर पार्ट्स वॉशरसाठी विकल्या जाणाऱ्या उच्च फ्लॅश पॉइंटच्या द्रावकांचा ६० अंशांच्याही पुढे असतो.

आता थोडा हिशेब करू. परातीतल्या लिटरभर पेट्रोलपैकी अर्धा लिटर कामाच्या ओघात उडाले, असे धरा. त्याची सुमारे ९० लिटर वाफ होते. हवेत पेट्रोलची वाफ १.४ टक्के झाली की मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणजे ही ९० लिटर वाफ सहा घनमीटरांहून अधिक हवा पेटण्याजोगी करते. एका मोटारीच्या गॅरेजची फरशी ३ मीटर बाय ६ मीटर असेल, तर हा थर फरशीपासून सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचा होतो. तो फरशीलगत यासाठी, की ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता पाण्यासारखी खाली पसरते आणि वास नाकापर्यंत पोहोचण्याआधी कोपऱ्यातल्या फ्रिजच्या रिलेपर्यंत, गिझरच्या ज्योतीपर्यंत किंवा जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोहोचते. गॅरेजमधल्या गिझरची ज्योत फरशीपासून किमान १८ इंच उंच असावी, हा अमेरिकी बांधकाम नियम याच थराचा विचार करून केलेला आहे. उघड्या दारातून वारा वाहत असेल तर थर पातळ होतो हे खरे. पण वारा पडला, किंवा दार एका बाजूला आणि काम दुसऱ्या कोपऱ्यात असले, तर दार उघडे असल्याने काहीच साधत नाही. प्लास्टिकच्या टबात ब्रश घासताना साठणारी स्थिर वीज हा आणखी एक धोका. त्यासाठी तर बाहेरच्या ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही.

हा धडा एका संपूर्ण व्यवसायाने शंभर वर्षांपूर्वी घेतलेला आहे. सुरुवातीचे ड्रायक्लीनर कपडे पेट्रोलसारख्याच हलक्या द्रवांत धूत आणि त्यांच्या दुकानांना वारंवार आगी लागत. १९२४ च्या सुमारास अटलांटातील ड्रायक्लीनर डब्ल्यू. जे. स्टॉडर्ड यांनी मेलन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेतील लॉइड जॅक्सन यांच्यासोबत तुलनेने सुरक्षित असा पेट्रोलियम द्रावक शोधण्याचे काम केले. त्यातून आलेला स्टॉडर्ड सॉल्व्हंट म्हणजे साधारण ३८ अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेले मिनरल टर्पेंटाइनच होय, आणि पुढे पार्ट्स वॉशरमध्येही त्याच कुळातले द्रावक रुळले. ‘जुने लोक पेट्रोलच वापरत’ हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे ठरते. जुन्या लोकांनीच पर्याय शोधून ठेवला होता.

त्या पुरवणीबद्दल आणखी थोडे. पेट्रोलमध्ये बेंझीन असते; अनेक देशांत त्याची मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे, पण शून्य कोठेही नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. नॉर्मल हेक्झेन हा पेट्रोलमध्येही असणारा घटक. त्याचे प्रमाण अधिक असलेल्या ब्रेक क्लीनरमुळे हातापायांच्या नसा निकामी होऊ लागलेल्या कॅलिफोर्नियातील वाहन-तंत्रज्ञांच्या नोंदी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. जन्मभर पेट्रोलमध्ये हात घालणाऱ्या मेकॅनिकच्या बोटांच्या भेगा ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना त्वचेतील स्निग्धांश धुऊन निघणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. टर्पेंटाइन वापरतानाही नायट्राइलचे हातमोजे घालावेत. साध्या रबराचे मोजे अशा द्रावकांत फुगतात आणि उपयोगाचे राहत नाहीत.

‘सगळ्याला तेच चालते’ हा दावा ब्रेकपाशी येऊन कोसळतो. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइलच्या यंत्रणेतील रबरी कप बहुधा ईपीडीएम जातीचे असतात आणि हे रबर पेट्रोल, रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन यांपैकी कशातही टिकत नाही. काढून टाकलेला एक जुना कप मी मुद्दाम रॉकेलच्या बाटलीत रात्रभर ठेवला होता. सकाळी तो दिसायला पूर्वीसारखाच होता, फक्त किंचित मऊ आणि तुकतुकीत. पण ज्या सिलिंडरमधून तो आदल्या दिवशी अंगठ्याने सहज सरकत होता, त्याच्या तोंडातही तो शिरेना. असा कप गाडीत असता तर ब्रेक दाबल्यावर अडकून राहिला असता, आणि दोष मात्र नव्या पॅडवर गेला असता. ब्रेकचे हे भाग ताज्या ब्रेक ऑइलने, अल्कोहोलने किंवा त्याच कामासाठी बनवलेल्या क्लीनरनेच धुवावेत.

त्या क्लीनरच्या डब्यावरचे घटक मात्र वाचून घ्यावेत. क्लोरीनयुक्त प्रकार पेटत नाहीत म्हणून लोकांना सुरक्षित वाटतात. पण त्यांचा ओलावा किंवा वाफ वेल्डिंगच्या आर्कपाशी अथवा तापलेल्या धातूपाशी गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये अशाच क्लोरीनयुक्त द्रावकांपैकी ट्रायक्लोरोएथिलीनच्या सर्व वापरांवर आणि परक्लोरोएथिलीनच्या घरगुती वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारे नियम जाहीर केले. ज्या गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन आहे, तेथे हे डबे नसलेलेच बरे. बेअरिंगबाबत एवढेच सांगतो, की रॉकेलमध्ये धुऊन झाल्यावर ते हवेच्या झोताने गरगर फिरवू नये; वंगणाविना फिरताना गोळ्या आणि रिंगा खरचटतात.

पाण्यात मिसळायचा डिग्रीझर निरुपद्रवी असतो, हा दावा वरवर समंजस वाटतो. आगीपुरता तो खराही आहे. पण स्वस्त आणि जालीम डिग्रीझरमध्ये अनेकदा कॉस्टिक सोडा असतो, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो; त्या क्रियेत हायड्रोजनही निघतो. कार्ब्युरेटरची बॉडी अशा द्रावणात विसरून राहिली, तर सकाळी ती काळपट, खरखरीत झालेली मिळते आणि इंधन मोजून सोडणाऱ्या जेटची भोके मूळ मापाची राहिली आहेत की नाहीत याची खात्री देता येत नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूंसाठी तसे स्पष्ट लिहिलेले, सौम्य आणि गंजरोधक घातलेले द्रावणच हवे. लोखंडी भागांची अडचण वेगळी : गरम पाण्यातून काढलेल्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर काही मिनिटांतच तांबूस झाक येते, म्हणून ते लगेच कोरडे करून तेलाचा हात द्यावाच लागतो. शिवाय असे द्रावण साधारण ४० ते ६० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड द्रावणात भाग घासून ‘पाण्याने काही निघत नाही’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तेल खाणाऱ्या जिवाणूंवर चालणारे वॉशरही मिळतात. त्यांना ऊब आणि हवा लागते, आणि ब्लीचसारखे जंतुनाशक टाकीत पडले तर जिवाणू मरतात.

आता यंत्राच्या प्रश्नाकडे. बहुतेक लोक आधी वॉशर घेतात आणि मग त्यात काय ओतावे ते विचारतात. क्रम नेमका उलट हवा. अनेक छोट्या वॉशरचे पंप फक्त पाण्याच्या द्रावणासाठी बनवलेले असतात आणि पुस्तिकेत तसे लिहिलेलेही असते. त्यांत टर्पेंटाइन ओतले तर पंपाची सील फुगते, आणि पेट्रोल ओतले तर ज्वालाग्राही वाफेच्या डब्यातच विजेची मोटर चालवल्यासारखे होते. फिरत्या सल्ल्यातून निघणारी ‘वॉशर असेल तर त्यातही पेट्रोलच टाका’ ही शाखा परातीपेक्षाही वाईट आहे.

द्रावकाचा वॉशर घ्यायचा तर टाकी पत्र्याची हवी आणि झाकण उघडे धरणाऱ्या दांडीत वितळणारी कडी हवी. आग लागली तर ही कडी साधारण ७० अंशांच्या पुढे वितळते, झाकण आपोआप पडते आणि आग कोंडली जाते. ही कडी अडचणीची वाटली म्हणून तारेने बांधून टाकलेली मी पाहिलेली आहे. तळाशी चाळणीवजा दुसरा तळ असावा, म्हणजे जड गाळ त्याखाली बसतो आणि पंप तो पुन्हा भागांवर फेकत नाही. ज्यातून द्रव वाहतो असा ब्रश असला तर उत्तम, मात्र धार मंद हवी : द्रावकाचा फवारा करू नये, कारण बारीक तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालच्या तापमानालाही पेटतात. टर्पेंटाइन किंवा रॉकेल कधीही तापवूही नये, कारण तापवले की ते फ्लॅश पॉइंटपर्यंत पोहोचते. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये ३८ अंशांच्या फ्लॅश पॉइंटपर्यंतचे अंतर तसेही फार उरत नाही, आणि तेथे उच्च फ्लॅश पॉइंटचा द्रावकच घ्यावा.

वर्षातून एक-दोनदा कार्ब्युरेटर आणि साखळी उघडणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात तळापासून बोटभर उंच राहणारी जाळी, पाच-सहा लिटर टर्पेंटाइन, एक नायलॉनचा ब्रश आणि वारा वाहती मोकळी जागा यांवर त्याचे काम नीट होते. सल्ल्यातली परात आणि हा डबा यांत दिसायला फरक थोडाच आहे; तो झाकणाचा आणि आतल्या द्रवाचा आहे.

राहिला उरलेले मातीत ओतण्याचा मुद्दा. पेट्रोलचा हलका भाग उडतो, पण त्याने सोडवलेले तेल, धातूचा चुरा आणि जड घटक मातीतच राहतात आणि झिरपत भूजलाकडे जातात. ओतण्याची गरजही नसते. वापरलेले टर्पेंटाइन काचेच्या बरणीत झाकून दोन-तीन दिवस ठेवले, की तळाशी काळा गाळ, त्यावर गढूळ पट्टा आणि वर चहाच्या रंगाचा निवळ द्रव असे थर दिसू लागतात. वरचा द्रव कापडातून गाळून पुन्हा डब्यात घालता येतो आणि तेच टर्पेंटाइन महिनोन्‌महिने पुरते. खालचा गाळ बंद डब्यात साठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा. वापरलेल्या इंजिन ऑइलच्या कॅनमध्ये तो ओतू नये, आणि क्लोरीनयुक्त क्लीनरचा तर एक थेंबही त्या कॅनमध्ये जाऊ देऊ नये, कारण त्याने बाटलेले तेल संकलन केंद्र परत पाठवू शकते.