फोटोत हसतायत म्हणून

आज चर्चमध्ये उपासनेनंतर चहाला थांबले. थांबायला नको होतं असं आता वाटतंय. नाताळ होऊन तीन दिवस झालेत, सगळ्यांच्या डब्यात अजून थोड्या करंज्या शिल्लक, पोरं नव्या कपड्यांत पळतायत, छान चाललं होतं. तेवढ्यात मंडळीतल्या एका काकांनी फोन पुढे केला. आपल्याकडून झांबियाला सेवेला गेलेलं जोडपं आहे ना (नावं लिहीत नाही, आणि प्लीज कोणी कमेंटमध्ये टॅग पण करू नका), त्यांनी ग्रुपवर नाताळचा फोटो टाकलाय. दोन लेकरं, डोक्यावर कागदाचे मुकुट, मागे सजवलेलं झाड, टेबलावर केक. एवढाच फोटो. काका म्हणाले, "बघा, आपण इथे दर महिन्याला दानाचं पाकीट टाकायचं आणि तिकडे यांच्या पार्ट्या. मिशनरी आहेत का टुरिस्ट?" आणि आजूबाजूचे चार-पाच जण हसले.

मी हसले नाही, पण बोलले पण नाही. भायखळ्याहून दादर, दादरला गाडी बदलून मीरा रोड, अख्खा रस्ता मनातल्या मनात काकांशी भांडत आले. घरी येऊन जेवले पण नाही नीट. म्हणून लिहितेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये की मी लहानपणी काही वर्षं आफ्रिकेत, मलावीत होते. आई नर्स, बाबा शाळेत शिकवायचे आणि रविवारी मंडळीत मदत करायचे. दक्षिण मलावीत एका मिशन हॉस्पिटलच्या कंपाउंडमध्ये दोन खोल्यांचं घर होतं आमचं. १९९३ चा नाताळ, मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. त्या दिवशीचा एक फोटो आहे. आम्ही चौघं, मागे पाइनची एक फांदी डालड्याच्या डब्यात खोचलेली, फांदीवर हॉस्पिटलमधला कापूस बर्फ म्हणून चिकटवलेला आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या चंदेरी कागदाच्या चांदण्या. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांच्या कॅमेऱ्यावर काढला. आम्ही सगळे हसतोय. आई सगळ्यात जास्त.

तो फोटो प्रार्थनापत्रकाबरोबर, म्हणजे मंडळीला आमची खबर कळवणाऱ्या पत्राबरोबर, मुंबईला गेला आणि आमच्या मंडळीच्या नोटीस बोर्डावर लागला. तीन वर्षांनी आम्ही रजेवर आलो तेव्हा एका बाईंनी आईला सगळ्यांसमोर म्हटलं, "मानवलंय हं तुम्हाला आफ्रिका! फोटोत बघितलं ना आम्ही, काय मजेत होता!" मी आईचा हात धरून उभी होते. आईने माझा हात जोरात दाबला, एवढंच आठवतंय.

तीस वर्षं झाली आणि आज तेच वाक्य परत कानावर पडलं. म्हणून एवढं लागलंय.

आता हिशोबाचं बोलायचं तर मान्य. दान देणाऱ्याने हिशोब मागावा, खजिनदाराला विचारा, वर्षाचा रिपोर्ट मागा, हक्क आहे तुमचा. आणि हेही मान्य की हल्ली काही लोक सेवेपेक्षा रील जास्त करतात. पण एक केक आणि दोन कागदी मुकुट यांचा कसला हिशोब मागताय? तुमच्या घरी चार दिवस चकल्या तळल्या तेव्हा कोणी विचारलं का तुम्हाला?

लोकांना काय हवंय माहितीये का, मिशनरी माणूस कायम दुःखी दिसायला हवा. फाटका सदरा, सुकलेली पोरं, मागे झोपडी. मग आपल्याला दान दिल्याचं समाधान. तो हसला की आपले पैसे वाया गेले. किती क्रूर आहे हे. प्रभूच्या जन्माच्या दिवशी त्याच्याच सेवकाने तोंड पाडून बसायचं?

काका पुढे असंही म्हणाले की पूर्वीचे मिशनरी बघा कसे साधे, त्यांनी कुठे झाडं सजवली. काकांचं वय आहे म्हणून तिथे गप्प बसले, इथे सांगते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडमधून आले तिथल्या त्यांच्या मंडळ्यांमध्ये तेव्हा नाताळ फारसा पाळतच नसत. प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांचा प्रदेश तो, त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता! बायबलमध्ये हा सण सांगितलेला नाही अशी त्यांची श्रद्धा होती. त्याचा साधेपणाशी आणि दानाच्या पैशाशी काय संबंध? आणि हॉल १८२६ मध्ये इथेच, नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. त्याच्या आदल्या वर्षीच त्याची बायको मुलांना घेऊन अमेरिकेला परत निघाली होती. एकेका घराचे असे दोन तुकडे झाले तेव्हा आपल्या हातात मराठी शुभवर्तमान आलं. आणि आपण त्यांचीच नावं घेऊन आजच्या पोरांना टोमणे मारतो.

(हो, नंतरच्या काळात मिशन बंगले होते, नोकरचाकर होते, उन्हाळ्यात साहेब लोक महाबळेश्वरला जायचे आणि आपली माणसं खाली उन्हात. आजोबांकडून ऐकलंय सगळं. पण ते त्यांचं. झांबियातलं हे जोडपं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतंय.)

परत त्या फोटोवर येते.

मलावीत डिसेंबर म्हणजे भर पावसाळा. आणि आंब्यांचा सीझन! आपल्याकडे मे, तिकडे नाताळ. रस्त्याने झाडांखाली नुसता खच. आईला पहिल्या वर्षी हे पचलंच नव्हतं, नाताळ आणि आंबा एकत्र कसे येतील. पण तोच डिसेंबर तिथल्या लोकांचा उपासमारीचा पण असतो. मका निघतो मार्च-एप्रिलमध्ये, मागच्या वर्षीचा साठा नाताळपर्यंत संपत आलेला असतो, त्यामुळे कित्येक घरांत एक वेळचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, तोही जेमतेम. पाऊस म्हणजे डास आणि डास म्हणजे मलेरिया, त्यामुळे आईच्या लहान मुलांच्या वॉर्डात एका कॉटवर दोन-दोन लेकरं.

त्या वर्षी आजीने भायखळ्याहून पार्सल पाठवलं होतं. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून, वरून मांजरपाट शिवून, लाखेचं सील लावून. आपल्या घरात नाताळला फराळच असतो ना, केक नंतर आला. बोटीच्या टपालाने ऑक्टोबरमध्येच टाकलं होतं. आई रोज बाबांना विचारायची आलं का, आलं का. २४ तारखेपर्यंत नाही आलं.

२५ ला सकाळी हॉस्पिटलच्या ऑफिसातून बाबांनी कॉल बुक केला होता. आजीच्या चाळीत फोन एकाच घरी, शेजाऱ्यांकडे. मलावीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आजी सकाळी सातपासून नवी साडी नेसून त्या शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसली होती. जिने आयुष्यात नाताळची उपासना कधी चुकवली नाही ती त्या दिवशी चर्चला गेली नाही, आणि हे आम्हाला कळलं ती गेल्यावर. फोन लागला इथल्या अकराला. दोन-तीन मिनिटं, त्यातली अर्धी हॅलो हॅलो करण्यात गेली. आजीने विचारलं, "फराळ मिळाला का गं?" आणि आई म्हणाली, "हो मिळाला ना. करंज्या एकदम खुसखुशीत झाल्यात आई."

मी बाजूला उभी होते. आई खोटं बोलली हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग घरी येऊन आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. अर्धा तास तरी आत होती. बाबा आम्हाला म्हणाले जाऊ नका आत. तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, तिला आम्ही सगळे अगोगो म्हणायचो, चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, अगोगो म्हणजे आजीच. पावसात भिजत आली होती, चितेंजे, म्हणजे तिथल्या बायकांचं रंगीत कापड, अंगाभोवती गुंडाळलेलं, आणि काखेत जिवंत कोंबडी. आमच्यासाठी, नाताळची म्हणून. तिच्या स्वतःच्या घरात पीठ संपलेलं होतं हे आम्हाला माहिती होतं. आई दार उघडून बाहेर आली, कोंबडी बघितली आणि नको नको म्हणायला लागली. बाबा हळू आवाजात मराठीत म्हणाले, "घे. नाही म्हणालीस तर तिचा सण मोडेल." आईने गुडघे टेकून, तिकडच्या बायका टेकतात तसे, दोन्ही हातांनी कोंबडी घेतली आणि झिकोमो, म्हणजे धन्यवाद, म्हणाली.

कोंबडी त्या दिवशी कापली नाही. अगोगोला आणि तिच्या नातवंडांनाच जेवायला बसवलं. आईने अंगणातल्या आंब्यांचा रस काढला आणि पुऱ्या तळल्या. मैद्याच्या, कणीक नव्हती. आंबा नुसता चोखून खायची सवय असलेल्या त्या पोरांनी पुरी रसात बुडवून खाल्ली आणि सगळ्यांची कोपरं पिवळी झाली. बाबांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हटलं, मराठीत. अगोगोला शब्द एक कळत नव्हता, ती ठेक्यावर टाळ्या वाजवत होती.

आणि त्यानंतर तो फोटो निघाला.

आता सांगा काका, त्या हसण्याचा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा?

हे लिहिताना आधीइतका राग राहिला नाहीये खरं तर. काका वाईट नाहीयेत. बाबा गेले तेव्हा सगळ्यात आधी तेच आले होते. बहुतेक त्यांना खरंच वाटतं की सेवा म्हणजे फक्त सोसणं. आपल्याला शिकवलंच तसं. संडे स्कूलमध्ये मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगतात त्यात ताप असतो, जंगल असतं, मरण असतं, आणि पुऱ्या कधीच नसतात. पण घर सोडून गेलेल्या माणसाला सण लागतो हो, इथल्यापेक्षा जास्त लागतो. इथे सणाला सगळं आपोआप होतं, चर्चची घंटा, शेजाऱ्यांची ताटं, क्रॉफर्ड मार्केटच्या चांदण्या, कॅरल म्हणत रात्री दारात येणारा तरुण संघ. तिथे यातलं काही नाही. सहा वर्षांच्या पोराला आज नाताळ आहे हे कोण सांगणार? आईबापच सांगणार, कापूस चिकटवून आणि कागदाचे मुकुट कापून. ते नाही केलं तर ते पोर मोठं होऊन ना इथलं राहणार ना तिथलं. मी त्या फांदीमुळे इथली राहिले असं मला मनापासून वाटतं.

पार्सल मार्चमध्ये आलं, ते सांगायचं राहिलं. करंज्या खवट झालेल्या, चकल्यांचा चुरा, नानकटाई ओली. आईने एक करंजी उचलून खाल्ली. पूर्ण खाल्ली, खवट असून. मग आम्हाला म्हणाली, "बघा, मी आजीला खोटं नव्हते बोलले, मिळाला ना फराळ."

आणि एक गोष्ट मला आत्ता चार वर्षांपूर्वी कळली, लॉकडाउननंतर आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा. आम्ही जुने फोटो बघत होतो आणि मी तिला विचारलं की त्या दिवशी तू दार लावून रडत होतीस ते आजीशी खोटं बोललीस म्हणून ना? आई म्हणाली, "ते पण. पण रात्रपाळी होती ना माझी. पहाटे चारला एक मुलगी गेली, मलेरिया डोक्यात गेला होता. तुझ्याएवढीच. तिची आई बाहेर व्हरांड्यात बसलेली होती. मी घरी आले तर तू फांदीला चांदण्या लावत होतीस."

एवढंच बोलली आणि अल्बमचं पान उलटलं.

त्या फोटोत तिचे डोळे सुजलेले आहेत. मी किती वर्षं बघत होते तो फोटो आणि मला पण कधी दिसलं नव्हतं.

तर झांबियाच्या फोटोत तुम्हाला जे दिसलं तेवढंच तिथे होतं असं कसं काय ठरवलंत तुम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता? त्या वहिनीने कालची रात्र कशी काढली तुम्हाला माहितीये? मला पण नाही माहिती. पण मी हसले नाही निदान. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, नाही बोलले, ते आता सलतंय. पुढच्या रविवारी बोलणार आहे, काकांना बाजूला घेऊन, नीट.

मघाशी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती भाजी निवडत होती, ऐकून घेतलं, काही बोलली नाही. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "झांबियात पण आत्ता आंबे आले असतील ना गं? विचार त्या मुलीला. आणि सांग, मैद्याच्या पुऱ्या तेल पितात, थोडा रवा घालायचा."

मेसेज टाकला. आत्ता रिप्लाय आला, फोटो आहे. धाकट्याची कोपरं पिवळी झालीयेत.